वालाच्या दाण्यातला स्फटिक : डॉ. कमला सोहोनी

सरद हंगामातील भातकापणी आटोपली, की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील शेतांत उरलेल्या ओलीवर अळसांदे, मूग, कुळीथ पेरले जातात. परसातल्या कुंपणावर वालाचा वेल चढतो. हे कडधान्य घरात आले की गोमंतकीय गृहिणी ते रात्रभर भिजत घालते, मोड आणते, नीट शिजवते आणि मगच त्याचे तोणाक किंवा उसळ पानात येते. कच्चा वाल खाऊ नये, अर्धाकच्चा तर मुळीच नको, हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्यामागचे एक कारण मात्र १९५५ साली मुंबईच्या एका प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसेल अशा रूपात समोर आले. वालाच्या आणि डबल बीच्या दाण्यांतून प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य वेगळे काढून त्याचे शुद्ध स्फटिक तयार करण्यात आले आणि त्याचा वृत्तान्त ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. सहकाऱ्यासह हे काम करणाऱ्या संशोधिकेचे नाव होते डॉ. कमला सोहोनी. ज्या शास्त्रज्ञ स्त्रीला एकेकाळी केवळ ती स्त्री आहे म्हणून प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवण्यात आले होते, तीच ही.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, दोघांनीही शिक्षण घेतलेले. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठी साहित्यात आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासात अढळ स्थान मिळवून बसली. ‘पैस’ या ग्रंथासाठी १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या त्याच दुर्गा भागवत. एका बहिणीने मौखिक परंपरेतले अन्न, वनस्पती आणि ऋतू शब्दांत पकडले. दुसरीने तेच अन्न परीक्षानळीत घालून पाहिले. दोघींच्या स्वभावातला ताठ कणा मात्र एकाच घरातून आलेला होता.

मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन कमलाबाई १९३३ साली बी.एस्सी. झाल्या आणि गुणवत्ता यादीत अग्रस्थानी आल्या. वडिलांनी आणि काकांनी जिथे शिक्षण घेतले, तिथेच संशोधन करायचे हे त्यांनी मनाशी धरले होते. त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या संस्थेचे संचालकपद स्वीकारले होते. तीन वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या महान भौतिकशास्त्रज्ञाने अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते, स्त्री असण्याचे होते. नारायणरावांनी मुलीच्या वतीने केलेल्या विनंतीचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळाल्यावाचून हलणार नाही, अशी भूमिका घेऊन संचालकांसमोर उभ्या राहिल्या. देशात सत्याग्रहाचे ते दिवस होते. एका विद्यार्थिनीने तोच मार्ग विज्ञानाच्या दारात वापरला.

रामन अखेर नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष प्रवेश कायम धरला जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही, काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू देता कामा नये. या तिसऱ्या अटीचा अर्थ उघड होता. पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित झाले, तर दोष तिचा. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. मात्र तो अपमान त्या कधीही विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. रामन यांच्या थोरवीबद्दल आदर बाळगूनही त्यांच्या या संकुचितपणावर पांघरूण घालणे त्यांना मान्य नव्हते.

बंगळूरला त्यांना मार्गदर्शक लाभले ते एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण विद्यार्थ्याच्या कष्टांना न्याय देणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. भारतासारख्या देशात, जिथे बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस-मासे रोज येत नाहीत, तिथे डाळ हाच प्रथिनांचा मुख्य आधार असतो. त्या डाळीत नेमके काय आहे, हे कुणीतरी काटेकोरपणे मोजायला हवे होते. १९३६ साली त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. वर्षभराच्या परीक्षेनंतर रामन यांचे समाधान झाले होतेच. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. स्वतःसाठी मागितलेली जागा अशा रीतीने पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडली.

पुढचा टप्पा केंब्रिजचा. शिष्यवृत्तीच्या बळावर १९३७ च्या अखेरीस कमलाबाई तिथे पोहोचल्या. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. विभागात जागा नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर या तरुण संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरायला देऊ केले. रिश्टर अन्यत्र गेल्यावर त्यांनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. प्रयोगासाठी घेतलेला पदार्थ अगदी साधा होता, बटाटा.

त्या काळी केंब्रिजमध्ये श्वसनाच्या रसायनाचा ध्यास होता. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये ‘सायटोक्रोम’ हे नाव देऊन पेशीतील एका रंगद्रव्याची ओळख पटवली होती. या प्रथिनाच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. पेशी अन्न जाळते तेव्हा इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ते ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. या साखळीतला एक दुवा म्हणजे सायटोक्रोम-सी. वर्णपटदर्शकातून पाहिले तर प्राणवायू तुटलेल्या यीस्टच्या द्रवात या रंगद्रव्याचे काळे पट्टे उमटतात आणि हवा घालून द्रव हलवला की ते पुसले जातात. लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो व देतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. प्राण्यांच्या पेशींत असलेला हा दुवा वनस्पतींच्या ऊतींतही आहे, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील कामातून दाखवून दिले. बैलाच्या हृदयात आणि जमिनीखालच्या कंदात श्वसनाची एकच रीत चालते, असा त्याचा आशय. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी हे काम पुरे केले आणि चाळीस पानांच्या आसपासचा छोटासा प्रबंध सादर केला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

परदेशात राहून नाव कमावण्याची संधी असतानाही त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाचे प्रमुखपद, त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालकपद आणि जीवनसत्त्वांवरील संशोधन, असा हा प्रवास. १९४७ साली विमागणिती असलेल्या मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत स्थिरावल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांची खरी कर्मभूमी येथेच आकाराला आली.

विद्यार्थ्यांसाठी विषय निवडताना त्यांनी एकच कसोटी लावली : या संशोधनाचा उपयोग गरिबाच्या ताटाला होईल का? कडधान्ये, धानाचे पीठ आणि नीरा हे तीन विषय त्यातूनच आले. कडधान्यांत प्रथिने भरपूर, पण ती अंगी का लागत नाहीत, हा जुना प्रश्न होता. कच्चे सोयाबीन खाणारे उंदीर वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवून दिले की वाढतात, हे अमेरिकेत १९१७ मध्येच दिसून आले होते. कारण पुढे सापडले. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर स्रवते आणि ते अन्नातील प्रथिनांच्या साखळ्या कापते. अनेक बियांत मात्र ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे काम बंद पाडणारे दुसरे एक प्रथिन असते. कीड-प्राण्यांपासून बचावासाठी बीजाने ठेवलेली ही ढालच. सोयाबीनमधील असे द्रव्य मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळवले होते. आपल्या वालात काय आहे? आपल्या भाज्यांत काय आहे? हे प्रश्न कमलाबाईंनी हाती घेतले.

एखादे प्रथिन स्फटिकरूपात मिळवणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. खडीसाखर करताना पाक आटत जातो, थंड होतो आणि दोऱ्याभोवती खडे धरतात. साखरेचे रेणू लहान आणि एकसारखे असल्याने हे सहज घडते. प्रथिनाचा रेणू त्यापेक्षा शेकडो पट मोठा, घडी घातलेल्या लांबलचक साखळीसारखा आणि लहरी. बियांच्या पिठातून काढलेल्या अर्कात अशी अनेक प्रथिने एकत्र मिसळलेली असतात. क्षार हळूहळू वाढवत नेले की एकेक प्रथिन पाण्यातून बाहेर पडते. आम्लता आणि थंडावा काटेकोर राखावा लागतो. पुन्हा विरघळवायचे, पुन्हा वेगळे काढायचे, असे अनेकदा करावे लागते. एवढे केल्यावर नशीब असेल तर द्रवात बारीक, चमकदार, एकसारख्या आकाराचे कण दिसू लागतात. मिश्रणातून असा स्फटिक धरणे कठीण असते, म्हणून स्फटिक हे त्या काळी शुद्धतेचे मोठे प्रमाणपत्र मानले जाई. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये एका शेंगेच्या बियांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले, तेव्हा विकरे ही प्रथिनेच असतात हे जगाला पटायला अनेक वर्षे लागली. त्यांना नोबेल मिळाले ते १९४६ साली. त्याच परंपरेत १९५५ मधील वालाचे स्फटिक मोडतात. वातानुकूलित खोल्या आणि महागडी उपकरणे दुर्मिळ असण्याच्या काळात मुंबईच्या दमट हवेत हे काम झाले, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

या शोधाचा अर्थ घराघरात पोहोचणारा होता. हे रोधक द्रव्य प्रथिन असल्यामुळे पुरेशा उष्णतेने त्याची घडी बिघडते आणि त्याचा जोर बराच ओसरतो. भिजवणे, मोड आणणे आणि नीट शिजवणे या आजीच्या रीतीला अशा प्रकारे रसायनशास्त्राने दुजोरा दिला. गरिबाने पैसे मोजून घेतलेले प्रथिन त्याच्या अंगी लागावे, यासाठी सरपण वाचवताना डाळ अर्धीकच्ची ठेवू नये, हा त्यातला व्यवहार.

वालाच्या प्रथिनाला हवेचे वावडे नव्हते. उघड्या प्रयोगशाळेत ते हाताळता येते. कमलाबाईंनी केंब्रिजला अभ्यासलेल्या लोहयुक्त प्रथिनांच्या कुळातील काहींचे मात्र तसे नाही. त्या तिथे असतानाच मॅक्स पेरुट्झ हा तरुण त्याच गावात हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकत होता. प्राग येथील फेलिक्स हाऊरोविट्झ यांनी १९३८ मध्ये एक विलक्षण दृश्य नोंदवले. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे षट्कोनी स्फटिक काचपट्टीखाली ठेवले असता, कडेने हवा आत शिरताच ते मोडून गेले आणि त्यांच्या जागी वेगळ्या आकाराचे स्फटिक उभे राहिले. श्वास घेताना प्रथिनाचा रेणूच आपला आकार बदलतो, हे त्यातून उमगले. पेरुट्झ यांना १९६२ चे नोबेल मिळवून देणाऱ्या दीर्घ कामाला या निरीक्षणाने दिशा दिली.

हवा आली की स्फटिक मोडणार असेल, तर तो हवेवाचूनच वाढवला पाहिजे. याचे सर्वांत कठीण उदाहरण पुन्हा कडधान्याच्या शेतातच सापडते. अळसांद्याचे रोप मुळासकट उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा, लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतले जिवाणू हवेतील नत्र पकडून रोपाला देतात, पण त्यासाठी लागणारे नायट्रोजनेज हे विकर ऑक्सिजनच्या स्पर्शाने कायमचे निकामी होते. लेगहिमोग्लोबिन मोकळा ऑक्सिजन धरून ठेवते आणि त्याला सांभाळते. प्रयोगशाळेत हेच सांभाळण्याचे काम माणसाला करावे लागते. पारदर्शक बंद पेटीत नत्र किंवा आर्गॉन भरतात. त्यात थोडा हायड्रोजन सोडून पॅलेडियमच्या साहाय्याने उरलासुरला ऑक्सिजन पाण्यात रूपांतरित करतात. पेटीच्या भिंतीत बसवलेल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून संशोधक आत काम करतो. प्रत्येक द्रावणातून निर्वात पंपाने हवा काढून त्यात नत्राचे बुडबुडे सोडतात. प्लास्टिकच्या तबकड्यादेखील काही दिवस आधीच आत नेऊन ठेवतात, कारण प्लास्टिक आपल्या अंगात ऑक्सिजन धरून ठेवते. मग प्रथिनाचा एक इवलासा थेंब क्षारयुक्त द्रावणाच्या वर बंदिस्त करून वाट पाहायची. थेंबातील पाणी सावकाश निघून जाते आणि स्फटिक धरतो, किंवा धरत नाही. लोणच्यावर तेलाचा थर चढवून हवा दूर ठेवावी, तशी कधी थेंबावर तेलाची साय धरतात. अशाच निगुतीने वाढवलेल्या स्फटिकांतून १९९२ साली अमेरिकेत नायट्रोजनेजची रचना प्रथम उलगडली. सायटोक्रोम-सीची रचनाही त्याआधी अमेरिका आणि जपान येथे स्फटिकांतूनच स्पष्ट झाली होती. इलेक्ट्रॉन घेतलेल्या आणि दिलेल्या अशा त्याच्या दोन्ही रूपांची तुलना करता आली. गंमत अशी, की प्रयोगशाळेत सायटोक्रोम-सीला इलेक्ट्रॉन देण्यासाठी आजही वापरले जाणारे एक सोपे द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व.

आणि हेच क जीवनसत्त्व कमलाबाईंच्या पुढच्या कामात भेटते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. माड-ताडाच्या पोयीतून पहाटे उतरवलेला गोड रस उन्हे चढताच आंबू लागतो आणि त्याची सूर होते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे, तसेच लोह असल्याचे आणि ती आटवून केलेल्या गुळात व काकवीतही काही पोषकद्रव्ये टिकून राहत असल्याचे त्यांच्या अभ्यासातून दिसले. आदिवासी भागांतील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना स्वस्त पूरक आहार म्हणून नीरा देता येईल, असे या कामाचे फलित होते. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. ज्या माडाच्या काळ्या गुळावाचून आपल्याकडे दोदोल आणि पातोळ्या होत नाहीत, त्याच्याकडे निव्वळ चवीपलीकडे पाहण्याची दृष्टी यात आहे. माडावर चढणारे हात दरवर्षी कमी होत असताना तर ती अधिकच मोलाची ठरते.

एवढे सारे करूनही अडथळे संपले नव्हते. विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असताना अंतर्गत राजकारणापायी ते पद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. पंचविशीआधी जे भोगले, तेच वेगळ्या रूपात प्रौढ वयात पुन्हा वाट्याला आले. त्यांनी कटुता कामात येऊ दिली नाही, इतके त्यांच्या पुढच्या वर्षांवरून निश्चित म्हणता येते. आरे दुग्ध प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी त्या एक होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांवर लिहीत. मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘आहार-गाथा’ हे पुस्तक लिहिले. केंब्रिजच्या प्रबंधातून आणि ‘नेचर’च्या पानांतून कमावलेले ज्ञान त्यांनी अशा रीतीने स्वयंपाकघराच्या भाषेत आणून ठेवले.

१९९८ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव बहुतेकदा रामन यांनी प्रवेश नाकारलेली मुलगी म्हणूनच घेतले जाते. हा प्रसंग विसरता कामा नये, हे खरेच. परंतु केवळ त्याच प्रसंगात त्यांना बंदिस्त ठेवणे म्हणजे नकार देणाऱ्यालाच त्यांच्या चरित्राचा नायक करणे होय. त्यांची खरी ओळख बटाट्यातील सायटोक्रोम, वालातील स्फटिक आणि नीरेच्या पेल्यात शोधली पाहिजे. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शाळेतील एखादी मुलगी आपल्याच शेतातले अळसांद्याचे रोप उपटून मुळावरची गुलाबी गाठ फोडून पाहील आणि हा रंग कुठून आला असे शिक्षकांना विचारील, तेव्हा तिच्यासाठी प्रयोगशाळेचे दार आधीच उघडे असेल. ते कुणी उघडून ठेवले, हे तिला त्या वेळी आवर्जून सांगितले पाहिजे.